वीज गेली की संगणकाला डिस्कच सापडत नाही. बायोसमध्ये काय बदलू?

कुळागरातला:

सावई-वेऱ्याला आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच-८१ चिपसेटचा बोर्ड, विंडोज १० एका छोट्या एसएसडीवर आणि साठवणीला वेगळी हार्ड डिस्क. गेमबीम काही नाही त्यावर. गावच्या देवळात उत्सवाला होणारी नाटकं आणि भजनं बाबांनी टेपवर घेऊन ठेवली होती, त्या कॅसेटी मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये उतरवतोय. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पाऊण तास. बाबा कॅसेट लावतात, मी कामाच्या दिवसांत पणजीला असल्यामुळे तिथून रिमोटने आत शिरून तुकडे पाडतो, नावं देतो. हे सगळं उन्हाळ्यात सुरळीत चालतं.

पाऊस लागला की नाही. वीज जाऊन परत आली की मशीन आपणहून उठत नाही. आई बटण दाबते, तर आधी काळ्या पडद्यावर ‘सेटअपमध्ये जा’ असं काहीतरी येतं, मग निळा पडदा: ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुढे तेच चक्र. शनिवारी मी घरी आलो की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यात जाऊन साटा मोड (बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर करतो, एफ-१० दाबून सेव्ह करतो आणि विंडोज जणू काही झालंच नाही अशी उघडते. तारीख तेवढी कुठल्या कुठे गेलेली असते. हा आयडीईचा उपाय मला ज्या दुकानात विंडोज घालून घेतली होती तिथल्या मुलाने सांगितला. त्याच दुकानात आता म्हणतात, बोर्ड गेला, नवीन मशीन घ्या.

गंमत म्हणजे नेहमीसारखं शटडाऊन करून दुसऱ्या दिवशी चालू केलं तर काहीही होत नाही. म्हणून बोर्ड गेला हे मला पटत नाही.

दुसरं, बायोसमध्ये एसी बॅक, ईआरपी, हॉट प्लग, अ‍ॅग्रेसिव्ह एलपीएम अशा ओळी आहेत. कुठली चालू ठेवू, कुठली बंद? वीज परत आल्यावर कुणी हात न लावता मशीन उठायला हवं, एवढीच अपेक्षा.

रायबंदर_०७:

कशाला डोकं लावता? डेटा काढून घ्या, फॉरमॅट मारा आणि विंडोज ११ टाका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट तसाही संपलाय.

म्हापशेकर:

रायबंदरवाल्या, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढे. आणि फॉरमॅट मारून हा आजार जाणारही नाही.

कुळागरकर बाब, तुमचा बोर्ड ठीक आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की शटडाऊन केल्यावर काही होत नाही आणि वीज गेली की होतं. रोगाचं नाव त्यातच आहे. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय बोर्डाला पाच व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो. घड्याळ आणि बायोसची सेटिंग तोवर त्या विजेवर जगतात. ती तुटली की सगळा भार बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलवर. तुमचा सेल संपलाय. सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. म्हणून तारीख जाते, म्हणून सेटिंग कारखान्यातल्या मूळ जागी जातात, आणि तुमच्या बोर्डाची मूळ सेटिंग आहे एएचसीआय.

आता दुसरी भानगड. विंडोज घालणाऱ्याने बायोस आयडीईवर ठेवून घातली. का, ते त्यालाच माहीत. विंडोज एक्सपीच्या काळात एएचसीआयचा ड्रायव्हर (डिस्कशी बोलायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्राम) फ्लॉपीवरून द्यावा लागायचा, त्या काळातली सवय काही जणांची अजून सुटलेली नाही. विंडोज ज्या मोडवर बसते त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला उचलते. बायोस एएचसीआयवर गेला की तिला स्वतःचीच डिस्क परकी होते आणि निळा पडदा येतो. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

लोक इथे सेल बदलतात, परत आयडीई करतात आणि खूश होतात. मी तसं करत नाही. पाच-सहा वर्षांनी सेल पुन्हा संपणार, आणि तो संपणार नेमका जुलैत, तुम्ही पणजीला असताना. त्यापेक्षा विंडोजलाच एएचसीआयवर आणा. मग बायोस कितीही वेळा मूळपदावर गेला तरी मशीन उघडेल. आयडीई मोड हा नुसता जुन्या काळचा मुखवटा आहे. एएचसीआय इंटेलने २००४ मध्ये आणलं, आणि डिस्कने आपल्या कामांचा क्रम स्वतः लावण्याची सोय त्याच मोडमध्ये मिळते. नाटकाची मोठी फाइल लिहिताना दुसरीकडे कॉपी चालू असेल तर हार्ड डिस्कवर फरक कळतो.

रीत अशी. मशीन सध्या चालतंय तसं आयडीईवर चालू करा. विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या पानावर सेफ बूटला खूण करा, मिनिमल ठेवा. रीस्टार्ट करताच डिलीट दाबत राहा आणि थेट बायोसमध्ये शिरा. मध्ये विंडोज उघडू द्यायची नाही. साटा मोड एएचसीआय करा, एफ-१०. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि उघडताना नवा ड्रायव्हर आपणच पकडेल. मग एमएसकॉन्फिगमधली ती खूण काढा, रीस्टार्ट, झालं. ही खूण काढायला विसरलात तर मशीन कायम सेफ मोडमध्येच उघडेल आणि तुमचं रिमोट चालणार नाही. एक लक्षात ठेवा: सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, खात्याचा पासवर्ड पाठ हवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये बदल झाला की ते ती मागू शकतं. आणि कॅसेटींच्या फाइली त्याआधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्कला धोका नाही म्हणून सांगितलं तरी बाबांचा आवाज एकाच ठिकाणी ठेवून बायोसशी खेळू नये.

सेल बदलताना प्लग काढा, जुना सेल कसा बसलाय ते बघा, छापील बाजू वर. आपल्याकडच्या दमट हवेत सेलच्या खोबणीतली पत्री हिरवी पडते. कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर नवा सेलही गेल्यासारखा वागेल. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा. तीन व्होल्टच्या बराच खाली दिसला की शंका उरत नाही.

आता तुमच्या ओळी. एसी बॅक: ऑलवेज ऑन. दुसऱ्या बोर्डांवर हीच गोष्ट रीस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस किंवा आफ्टर पॉवर फेल्युअर नावाने असते. त्यात मेमरी म्हणजेच लास्ट स्टेट असाही पर्याय असतो: वीज जाताना चालू होतं तर चालू, बंद होतं तर बंद. ऐकायला तो शहाणा वाटतो, पण यूपीएस लावलात तर तोच फसवतो. यूपीएस संपत आला की त्याचं सॉफ्टवेअर विंडोज व्यवस्थित बंद करतं. म्हणजे शेवटची अवस्था ‘बंद’. वीज आली तरी मशीन झोपलेलंच. म्हणून ऑलवेज ऑन.

ईआरपी: बंद. ते युरोपच्या नियमासाठी आहे, बंद मशीनने नगण्य वीज खावी म्हणून. त्यासाठी बोर्ड स्टँडबायच्या बऱ्याच वाटा तोडतो आणि नेटवर्कवरून मशीन उठवणं, कीबोर्डने उठवणं बंद पडतं. हॉट प्लग: डिस्क चालू मशीनमध्ये काढ-घाल करत नसाल तर बंद, चालू ठेवलंत तर आतली डिस्कसुद्धा पेन ड्राइव्हसारखी ‘सुरक्षित काढा’च्या यादीत येते आणि घरातलं कुणीतरी एक दिवस तिच्यावर क्लिक करतं. अ‍ॅग्रेसिव्ह एलपीएम: बंद. डिस्क आणि बोर्ड यांच्यातली तार रिकामी असली की झोपवायची सोय आहे ती, लॅपटॉपच्या बॅटरीसाठी चांगली. डेस्कटॉपवर वाचते ती वीज किरकोळ, आणि काही एसएसडी त्या झोपेतून उठताना अडखळतात. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग चालू असताना तो धोका कशाला.

बायोस अपडेट करा असं कुणी सांगेल. जून ते सप्टेंबर अजिबात नको. अर्ध्यावर वीज गेली तर मग बोर्ड खरंच गेला.

कुळागरातला:

म्हापशेकर बाब, देव बरें करूं. आता एक गोष्ट उलगडली. विजा चमकायला लागल्या की आई सगळे प्लग काढून ठेवते. म्हणजे वीज न जाताही हे व्हायचं ते त्यामुळे. तिला प्लग काढू नको म्हणू का? आणि एसी बॅक ऑलवेज ऑन ठेवलं तर वादळात वीज येते-जाते करते तेव्हा मशीन दर वेळी उठणार ना? ते हार्ड डिस्कला बरं नाही.

म्हापशेकर:

आईला अजिबात थांबवू नका. विजा चमकताना प्लग काढणं हाच खरा उपाय, कुठलाही स्पाइक गार्ड त्याची बरोबरी करत नाही. उलट तिला राउटरची तारही काढायला सांगा. मी दुकानात जळलेली लॅन पोर्ट बघतो ती त्या तारेवाटे आलेल्या धक्क्याची. सेल नवीन असला की प्लग चार दिवस काढून ठेवला तरी काही जाणार नाही, आणि परत लावला की ऑलवेज ऑनमुळे मशीन आपणच उठेल. आईला बटणही दाबायला नको.

येजा करणाऱ्या विजेचा प्रश्न रास्त आहे. बायोसमध्ये त्यावर उत्तर नाही. यूपीएस घ्या, मॉनिटर त्यावर लावू नका, म्हणजे तेवढ्याच बॅटरीवर मशीन जास्त वेळ टिकतं.

डिचोलीची बाय:

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये हेच सगळं सांभाळते म्हणून दोन गोष्टी भर घालते. बायोसमध्ये रिझ्यूम बाय अलार्म असं असतं, रोज ठरलेल्या वेळी मशीन उठवायला. शाळेत आठला सगळी मशिनं त्यानेच उठतात. पण दादा, तुमच्याकडे त्यावर भिस्त ठेवू नका. मध्ये प्लग निघाला की बऱ्याच बोर्डांवर अलार्म लागू होत नाही.

त्यापेक्षा वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवायची सोय, चालू करून ठेवा. मशीन कुणी चुकून शटडाऊन केलं तर बटण न दाबता, प्लग न काढता उठवायचा तो मार्ग. घरच्या वायफायवरून आईच्या फोनवरच्या साध्या अ‍ॅपने होतं. मात्र विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून शटडाऊन अर्धवट करायची सोय) बंद करा, नाहीतर बायोसमध्ये सगळं बरोबर असूनही मशीन दाद देत नाही. त्यावर आमच्या शाळेत बरंच डोकं फुटलंय.

आणि स्लीप. रेकॉर्डिंगच्या मशीनला स्लीप पूर्ण बंद ठेवा. साध्या स्लीपमध्ये चालू काम फक्त रॅममध्ये असतं, त्या अवस्थेत वीज गेली की न साठवलेलं सगळं गेलं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलेलं असतं, तिथे ही भीती नाही. पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क वीस मिनिटांनी थांबवायची सेटिंग मुळातच असते, तीही ‘कधीच नाही’ करा.

रायबंदर_०७:

मग लिनक्स टाका! त्याला आयडीई-एएचसीआयचा फरकच पडत नाही.

म्हापशेकर:

हे मात्र बरंचसं खरं आहे. पण बाबांना कॅसेट लावायची आहे, टर्मिनल शिकायचं नाही.

कुळागरातला:

झालं काम. सेल फोंड्याच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात मिळाला. जुना मोजला तर दोन व्होल्टसुद्धा नव्हते. खोबणीची पत्री म्हणालात तशीच हिरवट, पुसली. आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या, मग सेफ बूटची रीत जशीच्या तशी केली. पिन खरंच चालला नाही, पासवर्ड लागला. आता एएचसीआयवर विंडोज उघडते. मुद्दाम सेल काढून प्लग लावून बघितलं: तारीख गेली, बटण दाबावं लागलं, पण निळा पडदा नाही. सेल परत बसवला, तारीख आणि एसी बॅक पुन्हा लावून मेन स्विच पाडला, वर केला. मशीन आपणहून उठलं. आई म्हणाली, भूत शिरलं त्यात.

एकच शंका. ईआरपी बंद ठेवल्यापासून मशीन शटडाऊन केलं तरी कीबोर्डवरचा दिवा आणि माउसचा लाल उजेड चालूच राहतो. हे बरोबर आहे ना?

म्हापशेकर:

बरोबर आहे. ती स्टँडबायची वीज, यूएसबीतून येते. उजेड खटकत असेल तर बायोसमध्ये यूएसबीच्या स्टँडबाय विजेची वेगळी ओळ आहे का बघा. काही बोर्डांवर असते. नसेल तर माउस उलटा करून ठेवा. ईआरपीला हात लावू नका.