अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक: कुंपणावरचा मतदार नेमका वळवतात कसा?

भरती_ओहोटी: प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, उमेदवार पक्षाच्या कट्टर मतदारांना रुचेल तेच बोलतात, उमेदवारी मिळाली की मधल्या मतदारांकडे वळतात. हक्काचा मतदार न दुखावता हे जमतं कसं? आणि एवढा खटाटोप करावा इतके हे मतदार असतात तरी किती?

आकडेमोड: आधी दुसरा प्रश्न घेतो. अध्यक्ष थेट मतांनी नाही, तर राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांनी ठरतो. जिंकायला ५३८ पैकी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मतं. त्यामुळे देशभरातली टक्केवारी बाजूलाच ठेवा. २०२० मध्ये बायडन ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ मतांनी पुढे होते. ही तीन राज्यं फिरली असती तर सामना २६९-२६९ वर अडकला असता.

घरी बसलेला आपला समर्थक बाहेर काढला तर आघाडी एका मताने वाढते. समोरच्याचा मतदार आपल्याकडे आला तर दोनाने, कारण त्याचं एक घटतं आणि आपलं एक वाढतं. म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये १०,३४२ माणसांनी मत बदललं असतं तरी राज्य हातचं गेलं असतं. म्हणून प्रचारात दोन वेगळ्या याद्या ठेवतात: एक मतदानाला बाहेर काढायच्या लोकांची, दुसरी मन वळवायच्या लोकांची. शेवटच्या दिवसांत भर पहिल्या यादीवर. ‘मतदानाला चला’ हा निरोप चुकून दुसऱ्या यादीला गेला, तर विरोधकाचंच मतदान वाढण्याचा धोका असतो.

मधली_वाट: ‘मधला मतदार’ या शब्दानेच घोळ होतो. बरेचदा हा माणूस एका मुद्द्यावर पार उजवा आणि दुसऱ्यावर पार डावा असतो. सगळ्याच भूमिका थोड्या थोड्या पातळ केल्या म्हणून तो येत नाही. एक-दोन मुद्दे निवडून तिथे पक्षाची ठरलेली वाट उघडपणे सोडावी लागते. क्लिंटन यांनी १९९२ मध्ये गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची तेव्हाची पद्धत संपवू असं सांगितलं, डेमोक्रॅट असूनही. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांत कपात करणार नाही असं सांगितलं, रिपब्लिकन असूनही, तेही प्रायमरीतच. पक्षाचे मतदार तरीही सोबत राहिले, कारण बाकीच्या मुद्द्यांवर ते त्यांचेच होते.

वेळ चुकली की सगळं अंगाशी येतं. रिपब्लिकन रॉम्नी यांनी प्रायमरीच्या काळात, फेब्रुवारी २०१२ मध्ये, स्वतःला कडवे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घेतलं. मार्चमध्ये त्यांच्याच सल्लागाराने पुढच्या प्रचाराची तुलना हलवून पुसायच्या ‘एच-अ-स्केच’ पाटीशी केली. लगेच प्रतिस्पर्धी ते खेळणं हातात धरून लोकांना दाखवू लागले. डेमोक्रॅट हॅरिस यांचंही तसंच. २०१९ मध्ये फ्रॅकिंगबंदीला (फ्रॅकिंग म्हणजे खडक फोडून तेल-वायू काढणं) पाठिंबा, २०२४ मध्ये नकार, आणि पेनसिल्व्हेनिया हे तर नैसर्गिक वायूचं राज्य. जुनी चित्रफीत विरोधकांच्या जाहिरातीला आयतीच मिळाली.

भरती_ओहोटी: मग समोरच्या पक्षाचे नेते व्यासपीठावर आणण्याने काही साधतं का?

आकडेमोड: थोडंफार. हॅरिस यांनी ३ ऑक्टोबर २०२४ ला रिपब्लिकन पक्षाच्या माजी खासदार लिझ चेनी यांच्यासोबत विस्कॉन्सिनमधल्या रिपनला सभा घेतली. रिपब्लिकन पक्षाचं जन्मस्थान म्हणून हे गाव ओळखलं जातं. राज्य तरीही गेलं. एका सभेवरून निकाल लावू नये, पण माझं मत असं की अशा पाठिंब्याने मतदाराची भीड चेपते, मत देण्याचं कारण मिळत नाही. कारण मुद्द्यातूनच द्यावं लागतं.

मधली_वाट: आणि दुसरं टोक, म्हणजे आपला हक्काचा मतदारही सांभाळावा लागतो. २००० मध्ये फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले. त्याच राज्यात ग्रीन पार्टी या डावीकडच्या छोट्या पक्षाचे उमेदवार नेडर यांना ९७,४८८ मतं पडली, आणि त्यांच्या प्रचाराचा गाभाच असा होता की दोन्ही मोठ्या पक्षांत फारसा फरक उरलेला नाही. त्यामुळे मध्याकडे सरकण्याआधी त्या राज्याच्या मतपत्रिकेवर तिसरा कोण आहे, हे बघावंच लागतं.