बरोबरखाली बरोबर, मग ∴ कुठं?

डीटीपीवाला, खडेबाजार
सराव प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूचींचा हंगाम सुरू झालाय म्हणून विषय काढतोय. मराठी माध्यमाच्या उत्तरसूचीत समीकरणाच्या ओळी स्पेसबार मारून जुळवणं आता बंद करा. पडद्यावर सरळ दिसतं, दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलला की सगळ्या ओळी वाकड्या. माझं मत: लाटेक (कमांडा लिहून छापील पान जुळवणारी प्रणाली) घ्या, त्यात एएमएसमॅथ हे गणिताचं पॅकेज, आणि त्यातलं अलाइन, म्हणजे ओळी एका चिन्हाशी जुळवणारी रचना. प्रत्येक ओळीत = च्या आधी &, ओळीच्या शेवटी \\.

३क्ष + ७ &= २२ \\
३क्ष &= १५ \\
क्ष &= ५

शेवटच्या ओळीला \\ लावू नका, नाहीतर खाली रिकाम्या ओळीलाही क्रमांक पडतो. आणि मध्ये कोरी ओळ सोडलीत की एरर ठरलेली.

गणितमास्तर, निपाणी
अण्णा, हे कॉलेजच्या पुस्तकात शोभतं. शाळेत प्रत्येक पायरी ∴ (म्हणून) नं सुरू होते, ते विसरलात. अलाइनमध्ये & च्या डावीकडचा मजकूर उजवीकडं रेटला जातो. पहिली डावी बाजू लांब, तिसरीत नुसता क्ष. मग ∴ प्रत्येक ओळीत आणखी आत घुसतो. पोरं पायऱ्या वाचतात त्या डाव्या कडेनं. ∴ खाली ∴ पाहिजे, = थोडा हलला तर हलू दे.

डीटीपीवाला, खडेबाजार
हलू कशाला द्यायचा? दोन्ही जमतंय की. अलाइनच्या जागी त्याचंच भावंड अलाइनअ‍ॅट घ्या, महिरपी कंसात २ द्या:

&& ३क्ष + ७ &= २२ \\
∴ && ३क्ष &= १५ \\
∴ && क्ष &= ५

रकाने आळीपाळीनं उजवे-डावे असतात. पहिल्यात ∴, दुसरा रिकामा, तिसऱ्यात डावी बाजू, चौथ्यात = पासून पुढचं. तो २ म्हणजे जोड्यांची संख्या: ओळीतले जास्तीत जास्त & मोजा, एक मिळवा, निम्मे करा. साध्या अलाइनमध्ये हेच && टाकलंत तर दोन जोड्यांमध्ये मोठी मोकळी जागा पसरते आणि ∴ समीकरणापासून लांब जातो. अलाइनअ‍ॅट स्वतःहून जागा सोडतच नाही, म्हणून ∴ च्या पुढं एक क्वाड (टाइपाच्या मापाएवढी मोकळी जागा) आपणच घालायचा.

प्रूफवाला, टिळकवाडी
लाटेकवाल्यांनी आधी आपलं घर झाडावं. अजून निम्म्या जुन्या टेम्प्लेटांत (तयार साच्यांत) समीकरणांची जुनी रचना ईक्यूएनअ‍ॅरे आहे. १० पॉइंट टाइपात = च्या दोन्ही बाजूंना साधारण २.८ पॉइंट जागा असते. ईक्यूएनअ‍ॅरे प्रत्येक बाजूला १० पॉइंट सोडतं. एकाच पानावर एक = घट्ट आणि दुसरा ऐसपैस दिसला की समजायचं. शिवाय ओळ लांब झाली तर समीकरण सरळ क्रमांकावर चढतं. सवय म्हणून वापरणाऱ्यांची बाजू मला कधीच पटलेली नाही.

आणि क्ष, य थेट गणितात टाइप करू नका. झीलाटेकमध्ये (युनिकोड फॉन्ट चालवणारं लाटेक) गणिताच्या फॉन्टात देवनागरी नसेल तर अक्षर गायब होतं, एरर येतच नाही, लॉगमध्ये (लाटेकच्या कामाच्या नोंदवहीत) नुसती नोंद पडते. टेक्स्ट कमांडच्या आत लिहा, देवनागरी फॉन्ट लावा. देवनागरी अंकांनाही हेच.

खानापूरकर
म्हणजे एका क्ष साठी एवढी कमांड! परीक्षेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक एक आकडा बदलायला सांगतात, तेव्हा शाळेतल्या मशीनवर लाटेक कोण उघडणार? वर्ड पुरतं, फक्त नीट वापरा. पायरी संपल्यावर एन्टर नव्हे, शिफ्ट-एन्टर. एन्टर मारलात की प्रत्येक ओळ वेगळं समीकरण होते आणि आपापली मध्यावर जाते. सगळ्या ओळी समीकरणाच्या एकाच चौकटीत ठेवून निवडा, राइट क्लिक, = शी जुळवण्याचा पर्याय. झालं.

डीटीपीवाला, खडेबाजार
झालं कुठं? त्याच ओळीत चौकटीबाहेर "(दिलेले)" असं कारण लिहिलंत की वर्ड ते समीकरण मजकुरातलं धरतो. जुळवणी जाते, अपूर्णांक बारीक होतात. # लावून क्रमांक देता येतो, तोही अख्ख्या चौकटीला एकच. ओळवार (१), (२) देऊन पुढं "(१) वरून" म्हणायचं असेल तर काय करणार?

खानापूरकर
पायरीचं कारण चौकटीच्या आतच साधा मजकूर म्हणून लिहायचं. समीकरणांच्या रांगेत विषम & जुळवणीचा आणि सम & मोकळ्या जागेचा, एवढं लक्षात ठेवलं की बास. ओळवार क्रमांकांचं मात्र मान्य, तिथं वर्ड लंगडा आहे.

गणितमास्तर, निपाणी
एक मुद्दा राहिला. ओळ मावत नाही तेव्हा कुठं तोडायची? मी म्हणतो + किंवा − वरच्या ओळीच्या शेवटी ठेवा. फळ्यावर तसंच लिहितो, पुढं अजून आहे हे पोरांना कळतं.

प्रूफवाला, टिळकवाडी
सर, फळ्यावर तुम्ही बोलत असता, छापील पान मुकं असतं. नजर डाव्या कडेला पडते, म्हणून चिन्ह नव्या ओळीच्या सुरुवातीला, आणि ते = च्या खाली नको, त्याच्या उजवीकडं: & नंतर क्वाड, मग +. = च्या खालीच + आला तर ती नवी पायरी वाटते. काही जण दोन्हीकडं चिन्ह देतात. वर − आणि खाली −, पोरगं त्याचं + करून मोकळं!

तोडताना मोठे कंस सांभाळा. लेफ्ट-राइट जोडी & किंवा \\ ओलांडू शकत नाही. तिथं बिग, बिग्ग अशा ठरावीक मापाचे कंस घ्या.

गणितमास्तर, निपाणी
दोन्हीकडं चिन्ह नको, हे कबूल. शेवटी की सुरुवातीला, यावर माझं मत तेच. आणि तुमच्या छापील उत्तरसूचीत अपूर्णांक एकमेकांना चिकटलेले असतात त्याचं काय?

डीटीपीवाला, खडेबाजार
ओळींमध्ये मूळचे ३ पॉइंटच जास्तीचे मिळतात. \\ ला चिकटून चौकोनी कंसात ६ पॉइंट द्या, सुटे होतात. दुसरी तक्रार यायच्या आत सांगतो: अलाइन आपणहून पानावर तुटत नाही, म्हणून लांब उत्तर अख्खं पुढच्या पानावर जातं आणि अर्धं पान कोरं राहतं. सुरुवातीला अलाउडिस्प्लेब्रेक्स लिहा. जिथं तुटू नये तिथं \\*. मध्ये "आता (२) मध्ये किंमत ठेवून" असं वाक्य हवं तर इंटरटेक्स्ट वापरा, अलाइन बंद करून परत उघडू नका. तसं केलं की वरचे = आणि खालचे = एका रेषेत राहत नाहीत.

खानापूरकर
आणि भूमितीची सिद्धता? विधान एकीकडं, कारण दुसरीकडं. तिथं = जुळवत बसलात तर कारणांचा रकाना पानाबाहेर जाईल.

प्रूफवाला, टिळकवाडी
तिथं अलाइन नकोच. दोन रकान्यांचा साधा तक्ता करा, कारणाच्या रकान्याला ठरावीक रुंदी द्या म्हणजे मजकूर आतल्या आत मोडतो. तोच पेपर कन्नड माध्यमालाही जाणार असेल तर रुंदी दोन्ही भाषांतली सगळ्यात लांब कारणं बघून ठरवा.