मदत हवी आहे: वर्गात पॅरामॅग्नेटिझम (काही पदार्थांची चुंबकाकडे होणारी क्षीण ओढ) दिसेल असा स्वस्त प्रयोग सुचवा

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. चुंबक फक्त लोखंडाला ओढतो, बाकी कशाशी त्याचं देणंघेणं नाही, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते मला त्यांच्या डोळ्यांदेखत खोडायचंय.

फेरोमॅग्नेटिझमची, म्हणजे लोखंडासारख्या जोरदार ओढीची, अडचण नाही. चुंबकाकडे ओढली गेलेली लोखंडाची बारीक तार लालभडक तापवली, की साधारण ७७० अंश सेल्सिअसला ती ओढ संपते आणि तार खाली येते.

डायामॅग्नेटिझमला, म्हणजे चुंबकापासून दूर ढकललं जाण्याला, आपली नान्नजची द्राक्षं कामी आली. स्ट्रॉच्या दोन्ही टोकांना एकेक द्राक्ष खोचायचं, स्ट्रॉ मधोमध दोऱ्याने टांगायची आणि निओडिमियमचा चुंबक हळूच एका द्राक्षाजवळ न्यायचा. क्षणभर काहीच होत नाही, मग द्राक्ष सावकाश मागे सरकतं. चुंबक उलटा धरला तरी मागेच! द्राक्षातल्या पाण्याचा हा गुण. पंखा बंद ठेवून मार्चमध्ये इथे वर्गात बसवत नाही, म्हणून सगळं काचेच्या पेटीत टांगते.

गाडी अडते ती पॅरामॅग्नेटिझमपाशी. अ‍ॅल्युमिनियमची ओढ इतकी क्षीण की मागच्या बाकांना दिसतच नाही. द्रवरूप ऑक्सिजन ठळकपणे ओढला जातो, पण तो आम्ही कुठून आणणार? सहज मिळणारं काही आहे का?

प्रतिसाद:
ताई, अ‍ॅल्युमिनियम नकोच. चुंबक जरा जोरात हलला की त्यात एडी करंट, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात, पट्टी त्यानेच हलते आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात.

मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरा. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी वापरतात तेच. मोठा खडा पातळ प्लॅस्टिकमध्ये बांधून एका टोकाला लावा, दुसरीकडे तोलाला मातीचा गोळा. चुंबकाची कुठलीही बाजू धरा, खडा जवळच येईल, आणि द्राक्ष मागे जातं त्यापेक्षा ठळकपणे. खरी गंमत पुढे आहे. तांबं धातू म्हणून डायामॅग्नेटिक, पण मोरचुदात त्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो. ती ओढ त्या एकट्याची. हे मुलांना जरूर सांगा.

हिराकस (फेरस सल्फेट) याहून जोरात ओढला जातो, पण मुलं म्हणणार, त्यात लोखंडच आहे की! त्याच कारणाने मोरचूदही बाजारातलं न घेता प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं घ्या, बाजारातल्यात लोखंडाची भेसळ असू शकते. आणि ते विषारी आहे, तेव्हा खडा तुम्हीच हाताळा. प्रयोगातली द्राक्षं कुणाला खाऊ देऊ नका.