मदत हवी आहे: १२५ मिमीच्या सँडरसाठी परवडणाऱ्या डिस्क (सँडपेपरच्या चकत्या) कशा निवडाव्यात?

यंत्र: रँडम ऑर्बिटल सँडर (गोल पॅड फिरवत आणि थरथरवत लाकूड घासणारं यंत्र), १२५ मिमीचा वेल्क्रो पॅड, आठ भोकं, वेग कमी-जास्त करता येतो. सोबत धुळीची छोटी पिशवी आहे. व्हॅक्यूम क्लीनरची नळीही बसते.

काम: सागवानी टेबलाचा माथा, १.८ मीटर × ०.९ मीटर. जुनं वार्निश काढून पॉलियुरेथेनचं पॉलिश लावायचं आहे. त्यानंतर व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असलेल्या प्लायवुडची दोन दारं.

अडचण: वेगवेगळ्या नंबरांच्या (नंबर मोठा तितके कण बारीक) शंभर डिस्कचा स्वस्त पुडा आहे. ८० नंबरची डिस्क वार्निशवर दोन-तीन मिनिटांत चोंदते, कडेचे कण झडतात आणि काही डिस्क पॅडवरून सरकतात. चांगल्या डिस्क एकेक पाहिल्या तर बऱ्याच महाग पडतात.

१) विकत घेताना डिस्कमध्ये नेमकं काय पाहावं?
२) कोणते नंबर लागतील आणि किती?
३) जाळीच्या डिस्क (कागदाऐवजी जाळीवर कण असलेल्या) घ्याव्यात का?

प्रतिसाद १

आधी हिशोब बदला. एका डिस्कला किती पैसे पडले हे पाहू नका, एक चौरस मीटर घासायला किती पडले ते पाहा. आता तुमच्या टेबलाचंच गणित करू.

सँडर सेकंदाला साधारण २५ मिमी एवढ्या संथ गतीनं सरकवायचा असतो आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा असतो. म्हणजे १२५ मिमीच्या पॅडची कामाची रुंदी ६२ मिमीच धरायची. १.६२ चौरस मीटरचा माथा एकदा पूर्ण फिरायला असा सुमारे १७ मिनिटं लागतात. ८० नंबरनं तीन फेऱ्या झाल्या तर पाऊण-एक तास. डिस्क तीन मिनिटांत चोंदत असेल तर एवढ्यासाठी सतरा-अठरा डिस्क जातील. तीच डिस्क पंधरा मिनिटं टिकली तर चार पुरतात. चांगली डिस्क दुप्पट-तिप्पट महाग असली तरी या कामात ती स्वस्तच पडते.

पण तुमच्या बाबतीत सगळा दोष डिस्कचा नाही. वार्निश गरम झालं की मऊ पडतं, कणांच्या मधल्या फटीत शिरतं आणि तिथेच घट्ट बसतं. कितीही उत्तम डिस्क या कामात लवकर मरते. त्यामुळे वार्निशचा जाड थर डिस्कनं काढूच नका. धार लावलेल्या खरवडणीनं, नाहीतर पेंट रिमूव्हरनं बहुतेक थर आधी उतरवा आणि सँडर फक्त उरलेल्या डागांसाठी वापरा. रिमूव्हर वापरलात तर डब्यावर लिहिलेल्या पद्धतीनं पृष्ठभाग साफ करून पूर्ण वाळू द्या, ओलसर चिकट्यावर सँडर फिरवू नका. वार्निशवर वेगही मध्यम ठेवा. पूर्ण वेग कोऱ्या लाकडासाठी.

हातातला पुडा फेकू नका. डागाळलेल्या वार्निशवर डिस्क बोथट होण्याआधीच चोंदून जाणार असते, तिथे स्वस्त डिस्क वापरणं योग्यच आहे. नवी, चांगली डिस्क कोऱ्या लाकडाला लावा.

प्रतिसाद २

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कण: लाकडासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंदच. स्वस्त, चिवट आणि जवळपास सगळ्या लाकूडकामाला पुरेसा. सिलिकॉन कार्बाइड जास्त धारदार, पण ठिसूळ. कोऱ्या लाकडावर लवकर झिजतं, मात्र पॉलिशच्या दोन हातांमध्ये बारीक घासायला छान. सिरॅमिक कण दाबाखाली फुटून नवी धार देतात, म्हणून ते धातूवर आणि कठीण लाकडावर खूप टिकतात. तुमचं काम एका टेबलाचं आहे, त्यासाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. डिस्कच्या रंगावरून काही ठरवू नका. निळा, लाल, पिवळा हा बहुतेक वेळा नुसता रंग असतो.

लेप: चोंदण्यावर खरा उपाय म्हणजे स्टिअरेटचा लेप. अशी डिस्क पांढरट दिसते, बोट फिरवलं की साबणासारखं बुळबुळीत लागतं. हा लेप भुकटीला कणांना चिकटू देत नाही. वार्निश, रंग आणि सागवानासारख्या तेलकट लाकडासाठी लेपाचीच डिस्क घ्या. शेवटच्या घासणीनंतर लाकूड नीट पुसून घ्या, म्हणजे लेपाची भुकटी पॉलिशखाली राहणार नाही.

कणांची दाटी: 'ओपन कोट' लिहिलेलं असेल तर कण विरळ पेरलेले असतात आणि साधारण निम्मा ते सत्तर टक्के भाग झाकलेला असतो. मधल्या जागेतून भुकटी निघून जाते. लाकडाला हेच हवं.

पाठ: मागे कागदाच्या वजनाचं अक्षर छापलेलं असतं. ए सर्वांत हलका, मग बी, सी, डी असा जाड होत जातो. ८० ते १२० नंबरला सी किंवा डी बघा. या नंबरांना पातळ कागद कडेनं फाटतो आणि तुमच्या डिस्कचं बहुधा हेच होतंय. २४० च्या पुढे पातळ कागद चालतो.

नंबर: आकड्याच्या आधी 'पी' (युरोपीय मोजमापाची खूण) आहे का ते पाहा. पी १२० म्हणजे कण सरासरी १२५ मायक्रॉन, पी १८० म्हणजे ८२, पी २४० म्हणजे ५८.५. पी नसलेला नंबर वेगळ्या मोजमापाचा असू शकतो. २२० पर्यंत फार फरक पडत नाही, पुढे मात्र पडतो: अमेरिकन मोजमापातला ४०० हा पी ६०० आणि पी ८०० च्या मधे कुठेतरी बसतो. दोन पद्धतींचे नंबर एकाच कामात मिसळले की ओरखडे का जात नाहीत तेच कळत नाही.

मोठा पुडा घेण्याआधी छोटा घ्या आणि तीन गोष्टी तपासा. डिस्क पॅडवर लावून भोकं जुळतात का बघा. अर्धं भोक जरी झाकलं गेलं तरी धूळ खाली अडकते, डिस्क तापते आणि चोंदते. मग डिस्क कण बाहेर ठेवून हलकी वाकवा आणि नखानं खरवडा. कण चिकटवणारी राळ कच्ची असेल तर कण भुरभुर गळतात. शेवटी कठीण लाकडाच्या तुकड्यावर अर्धा मिनिट फिरवा आणि बॅटरी आडवी धरून पाहा. सगळ्या ओरखड्यांमध्ये एखादा खोल, एकटा ओरखडा दिसला तर त्या डिस्कमध्ये जाड कण मिसळलेला आहे. ८० नंबरला हे चालवून घेता येतं, १८० ला अजिबात नाही. काटकसर करायचीच तर जाड नंबरात करा, शेवटच्या नंबरात नको.

प्रतिसाद ३

डिस्क सरकतात त्याबद्दल: आधी पॅड पाहा. पॅडच्या वेल्क्रोचे आकडे (बारीक हुक) प्लास्टिकचे असतात. जोरात दाबलं किंवा सँडर कडेवर तिरपा करून डाग खोदला की ते तापून वितळतात आणि आडवे पडतात. मधले आकडे ताठ आणि कडेचे चपटे दिसत असतील तर पॅड बदलायला झालाय. नवी डिस्कही त्यावर टिकणार नाही.

पॅड चांगला असेल तर डिस्कचीच पाठ हलक्या प्रतीची आहे. लावून सोलून पाहा. चांगली डिस्क कर्रकन आवाज करत निघते आणि सात-आठ वेळा काढूनही तशीच धरते.

पॅडच्या कडेला मार्करनं एक काळी रेघ मारा. सँडर चालू असताना ती हळूहळू गोल फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे तुम्ही जास्त दाबताय. पॅड मग नुसता थरथरतो, फिरत नाही, एकाच जागी गोल ओरखडे पडतात आणि डिस्क जळते. यंत्राचं वजन आणि हाताचं ओझं एवढंच पुरे.

धागाकर्ता

खूप उपयोगी, धन्यवाद. पॅडच्या कडेचे आकडे खरंच चपटे झालेत, नवा मागवतो. जाळीच्या डिस्कचं आणि नंबरांचं कुणी सांगाल का? व्हिनिअरवरही ८० पासूनच सुरू करायचं का?

प्रतिसाद ४

व्हिनिअरवर ८० अजिबात लावू नका! वरचा थर बरेचदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. पी ८० चा कणच ०.२ मिमीचा असतो. एका जागी दहा सेकंद थांबलात तरी खालचा थर उघडा पडू शकतो आणि तो परत झाकता येत नाही. कोऱ्या व्हिनिअरला पी १८० नं एक हलकी फेरी, वेग मध्यम. कडा आणि कोपरे सँडरनं घासूच नका, लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून हातानं घासा. कडेशी पॅडचा निम्मा भाग हवेत जातो, तो झुकतो आणि सगळा दाब कडेवर येतो.

प्रतिसाद ५

जाळी: सगळीकडे छिद्रं असल्यामुळे धूळ थेट वर ओढली जाते. व्हॅक्यूम लावला तर कागदाच्या डिस्कच्या कितीतरी पट टिकते आणि भोकं जुळवायची कटकट नाही. चोंदली तर झटकून किंवा उलट बाजूनं व्हॅक्यूम लावून साफ होते. माझं मत: व्हॅक्यूम असेल तर पी १२० आणि पी १८० जाळीचेच घ्या.

प्रतिसाद १

एक अट घालून सहमत. नुसत्या पिशवीवर जाळी वापरली तर बारीक भुकटी जाळीतून आत जाऊन पॅडचे आकडेच घासते. कागदाच्या डिस्कला मागे कागदाची आड असते, जाळीला नाही. म्हणून जाळीखाली पॅड सेव्हर, म्हणजे मूळ पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये बसणारा पातळ वेल्क्रोचा थर, लावाच. झिजला तर तोच बदलायचा. शिवाय वार्निशच्या कामाला जाळी वापरू नका, मऊ वार्निश धाग्यांना चिकटतं आणि झटकून जात नाही.

आता नंबर. खरवडून झालेल्या सागवानी माथ्याला पी ८०, पी १२०, पी १८०. पॉलियुरेथेनखाली पी १८० पुरे. पी ३२० पर्यंत घासत बसलात तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की पहिल्या हाताला नीट पकड मिळत नाही. ८० वरून थेट १८० वर उडी मारू नका. ८० चे खोल ओरखडे १८० ला काढायला लावले तर तीन-चार डिस्क आणि तासभर वेळ जातो. तेच १२० एका-दोन फेऱ्यांत काढतं.

संख्या: पी ८० च्या पाच, पी १२० च्या तीन, पी १८० च्या चार (दारं धरून), आणि पॉलिशच्या दोन हातांमध्ये पी ३२० च्या तीन. प्रत्येकी एखादी जास्त ठेवा. म्हणजे वीस डिस्कच्या आत काम होतं. जे नंबर लागणारच नाहीत ते मिश्र पुड्यात पडून राहतात, म्हणून नंबर निवडून घ्या.

चोंदलेली डिस्क लगेच टाकू नका. क्रेप रबरची कांडी मिळते, सँडर चालू ठेवून ती दोन-तीन सेकंद टेकवली की कोरड्या लाकडाची भुकटी निघून जाते. वितळून बसलेलं वार्निश मात्र त्यानं निघत नाही. आणि डिस्क बोथट झाली हे ओळखा: स्वच्छ असूनही भुकटी कमी पडते, लाकूड तापतं आणि चकाकायला लागतं. बोथट डिस्क दाबून चालवणं हेच पॅड आणि वेळ या दोन्हींचं सर्वांत मोठं नुकसान.

धागाकर्ता

शेवटचं एक. तुकड्यावर १८० नं घासल्यावर डुकराच्या शेपटीसारखे छोटे गोल ओरखडे दिसतात. पॉलिशखाली ते उठून दिसतील ना?

प्रतिसाद २

दिसतील, आणि रंगछटा लावलीत तर आणखी गडद. कारणं ठरलेली आहेत: आधीच्या नंबरचा सुटा कण पृष्ठभागावर राहिलाय, डिस्कवर चोंदलेला गोळा आहे किंवा सँडर हवेत फिरत असताना टेकवला जातोय. शेवटच्या शक्यतेसाठी सँडर हवेत उचलून पाहा. पॅड भरधाव गरगरत असेल तर त्याची ब्रेकची रबरी रिंग झिजलीय, ती सुटी मिळते.

करायचं असं: प्रत्येक नंबरनंतर माथा व्हॅक्यूमनं साफ करा आणि कोरड्या कापडानं पुसा, पॅडही झटका. यंत्र लाकडावर टेकवून मग चालू करा, आणि चालू असतानाच उचला. पुढचा नंबर लावायच्या आधी माथ्यावर पेन्सिलीनं हलक्या रेघांची जाळी काढा, सगळ्या रेघा गेल्या की एक फेरी नीट झाली. पी १८० नंतर ठोकळ्यावर तोच पी १८० कागद गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हातानं एक हात मारा. उरलेल्या शेपट्या त्यात सरळ ओरखड्यांत मिसळून जातात. फळीच्या आडव्या टोकांना एक नंबर बारीक घ्या, नाहीतर तिथे पॉलिश जास्त पिऊन काळपट पडतं.

मास्क एफएफपी२ किंवा एन९५ घाला. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक ठरवलेली आहे, आणि सागवानाची धूळ त्वचेलाही त्रास देते. वार्निशखाली जुना रंग निघाला तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. काम संपल्यावर धुळीची पिशवी घराबाहेर झाकणाच्या धातूच्या डब्यात रिकामी करा. वार्निश मिसळलेली भुकटी आत तशीच दाबून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकते.