किमान एक संबंधित नोंद: सक्ती फॉर्ममध्ये असावी की डेटाबेसमध्ये?

मूळ मत (नाशिक)
निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांच्या नोंदणीसाठी आम्ही जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत प्रणाली लिहीत आहोत. गट क्रमांक आणि क्षेत्रासह किमान एक प्लॉट भरल्याशिवाय शेतकऱ्याची नोंद जतन होऊ नये, ही त्यातली अट. परंतु इनलाइन फॉर्मसेट (मुख्य फॉर्मखाली जोडलेल्या नोंदींच्या ओळी भरून घेणारा जँगोचा भाग) कोऱ्या राहिलेल्या जादा ओळी वैध धरतो, त्यामुळे एकही प्लॉट नसलेली नोंद बिनबोभाट जतन होते. ‘मिन_नम’ (किमान ओळींची संख्या) १ ठेवून ‘व्हॅलिडेट_मिन’ही (ती संख्या भरली का, हे तपासणारे सेटिंग) चालू करावे, असे माझे ठाम मत आहे, नुसते पहिले ठेवले आणि ब्राउझरकडून ओळींची एकूण संख्याच शून्य आली, तर अट निसटते. ही सोय २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून आहे आणि वगळण्याची खूण केलेल्या ओळीही ती मोजणीतून वजा करते.

प्रतिसाद १
असहमत. एक्सेलमधून किंवा एपीआयमार्फत (दुसऱ्या प्रणालीकडून थेट) येणारी माहिती आपल्या फॉर्मकडे फिरकतही नाही. फॉरेन की (प्लॉटच्या नोंदीतला शेतकऱ्याच्या नोंदीकडे नेणारा दुवा) ‘शेतकऱ्याविना प्लॉट नाही’ एवढीच हमी देते, ‘प्लॉटविना शेतकरी नाही’ ही नव्हे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये व्यवहार (एकत्र जतन होणाऱ्या बदलांचा संच) पूर्ण होताना तपासणारा विलंबित कन्स्ट्रेंट ट्रिगर (डेटाबेस स्वतःच चालवतो तो नियम) लिहिता येतो. नियम तिथेच हवा.

मूळ लेखक
ट्रिगर जरूर असावा, पण त्याची त्रुटी अगदी शेवटी येते आणि नोंद भरणाऱ्याला नेमकी कोणती ओळ दुरुस्त करायची हे त्यातून कळत नाही. मॉडेलच्या (तक्त्याच्या जँगोतील वर्णनाच्या) ‘क्लीन’ या तपासणीतही हे जमत नाही, कारण नवा शेतकरी जतन होईपर्यंत त्याला जोडलेले प्लॉट डेटाबेसमध्ये नसतातच. एक्सेलच्या ओळीही त्याच फॉर्मसेटमधून नेता येतील.

प्रतिसाद २
आपण दोघेही सक्तीची जागा ठरवत आहात; माझा आक्षेप तिच्या वेळेवर आहे. शेतकरी समोर बसला आहे, सातबारा घरी राहिला आहे आणि फॉर्म पुढे जाऊ देत नाही, अशा वेळी गट क्रमांकाच्या रकान्यात काहीतरी अंक टाकला जातो. रिकामी जागा निदान शोधता येते, खोटा गट क्रमांक खऱ्यांत मिसळून जातो. नोंद ‘अपूर्ण’ म्हणून जतन होऊ द्यावी आणि अट मंजुरीच्या वेळी लावावी.

प्रतिसाद १
हे पटते. ट्रिगरमध्ये स्थितीचा रकाना तपासला की झाले.

मूळ लेखक
मला अजून पटलेले नाही. ‘अपूर्ण’ नोंदी त्याच तक्त्यात राहिल्या, तर प्रत्येक अहवालात त्या गाळण्याचे भान ठेवावे लागेल, आणि निर्यातीच्या यादीत अशी एकही नोंद जाऊन चालणार नाही. मसुद्यांसाठी वेगळा तक्ता केला तरच मी ही सूट मान्य करीन.