लेकराची सर्दी, खोकला, धाप: तुम्ही काय पाहून ठरवता?

थंडी पडली की आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी खोकला सुरू. माझा दीड वर्षाचा, दिवाळीपासून तिसऱ्यांदा नाक वाहून राहिलं त्याचं. दर वेळी तोच प्रश्न, घरीच थांबायचं की दवाखान्यात पळायचं? नागपूरच्या आयांनो (बाबांनो पण) लिहा नं. ऐकलेलं नको, घडलेलं.

महालहून:
माझी तेव्हा सात महिन्यांची होती. छातीत घरघर ऐकली की मी डॉक्टरकडे, आणि ते म्हणणार नाकातली आहे ही, सलाईनचे थेंब टाका. एका रात्री मात्र घरघर नव्हती, ताप पण उतरलेला, मी म्हटलं चला सुटलो. सासूबाईंनी दुपटं बाजूला केलं अन् म्हणाल्या, अगं हिचं पोट उडून राहिलं. खरंच, प्रत्येक श्वासाला बरगडीखाली खड्डा पडत होता. पाच दिवस ॲडमिट, ब्रॉन्किओलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज) निघाला. नंतर त्यांनीच सांगितलं की त्यांच्या गावात याला डब्बा म्हणतात आणि पोटावर बिब्बा लावतात, कातडी भाजून डाग राहतो. म्हणजे ओळखलं एकदम बरोबर, इलाज भलताच! आता त्यांच्या नजरेवर माझा डॉक्टरइतका भरवसा आहे, बिब्बा मात्र घरात ठेवू दिला नाही.

मानेवाड्याहून:
वरच्या ताईंचं पटलं. मला आशाताईंनी (सरकारी आरोग्य स्वयंसेविका) श्वास मोजायला शिकवलं. लेकरू शांत असताना झबलं वर करायचं, पोट वर-खाली होतं ते पूर्ण 1 मिनिट मोजायचं. 2 महिन्यांच्या आतलं असेल तर 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिने 50, त्यापुढे 5 वर्षांपर्यंत 40, एवढे झाले की दाखवायचंच. मी शहाणी, 15 सेकंद मोजून चारने गुणायची, तेही तो रडत असताना. 70 आले! रात्री दीडला नवऱ्याला उठवलं, ऑटो शोधला, तिथे पोचेपर्यंत हा झोपला आणि डॉक्टरांनी मोजले तर 36. ते हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण.

कामठी रोडहून:
मी सिरपवाली आई होते, कबूल करते. खोकला आला की मेडिकलमधून बाटली, मोठीला दिलेलं तेच धाकट्याला अर्धा चमचा. 2025 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं किडन्या बंद पडून आपल्या नागपुरात आणली नं, सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, तेव्हा घरातल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. नंतर डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचंच नाही, साधा खोकला आपोआप जातो. मग मध? तर तो पण वर्ष झाल्यावरच. माझ्या आईने बारशालाच चाटवला होता, काय बोलणार.

हिंगणा रोडहून (बाबा):
आमच्याकडे आंघोळीनंतर शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायचे, शिवाय रात्री मच्छर अगरबत्ती, खिडक्या बंद. मुलगी खोकून बेजार. धूर बंद केला, मच्छरदाणी लावली, खोकला बराच कमी झाला. आईशी आठ दिवस अबोला होता त्यावरून, तो वेगळा विषय.

बेलतरोडीहून:
न्यूमोनियाची लस (पीसीव्ही) सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. माझ्या लेकाचा नवव्या महिन्याचा डोस "सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू" म्हणत म्हणत राहून गेला होता, नंतर कळलं साध्या सर्दीत देतात लस. आणि एक, माझा आजारी पडला तेव्हा खोकल्याआधी दूध सोडलं होतं त्याने. दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा, मला वाटलं दात येताहेत.

धागा काढणारी:
सगळ्यांचं वाचता वाचता आत्ता मोजले, 34. नाक चोंदलंय म्हणून तोंड उघडं ठेवून झोपलाय, पोट नाही उडत. दूध पण प्यायला. सकाळी परत मोजते. आणि महालच्या ताई, डब्बा हा शब्द मी आजीकडून ऐकलाय कुठेतरी, उद्या आईला फोन करून विचारते माझ्या पोटावर तो डाग कसला आहे.