कासदाह न होणाऱ्या गाई जनुकीय खुणांवरून निवडाव्यात का?

कागलचा गोठेवाला: दगडी, म्हणजे कासेची सूज, कासदाह झाला की सड जातो, मग गाय पडेल त्या किमतीला द्यायची. माझं मत स्पष्ट आहे: कासदाहाला दाद न देणाऱ्या डीएनएतल्या खुणा बघून निवडलेल्या वळूचंच रेतन दूध संघानं द्यावं. नॉर्वेनं १९७८ पासून वळूनिवडीत कासदाह धरला. आपण अजून वळूच्या आईनं किती लिटर दिलं एवढंच विचारतोय. २०२४ ला वाशिममध्ये गाईचा डीएनए तपासणाऱ्या गौ चिपचं उद्घाटनही झालं. मग अडलंय कुठं?

गडहिंग्लजचा डॉक्टर: नोंदींवर. चिप डीएनए वाचते; कुठली खूण रोगाशी जोडलेली, हे ठरवायला हजारो गाईंच्या आजारांच्या नोंदी लागतात. इथं इंजेक्शन दिलं की विषय संपला, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबरसुद्धा कुणी लिहीत नाही. त्यात कासदाहाची आनुवंशिकता, म्हणजे गाई-गाईंतल्या फरकात जनुकांचा वाटा, बहुतेक अभ्यासांत २ ते ५ टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं गोठा, हात आणि मशीन. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढं वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर गाय शेणात बसता कामा नये.

कागलचा गोठेवाला: डॉक्टर, ते करतोच की! पण ते रोज दोन वेळा, जन्मभर. निवडीचा फायदा लेकीकडून नातीकडं जातो. आणि कास सुजली की दुधात वाढणाऱ्या सोमॅटिक पेशींची आनुवंशिकता १० ते १५ टक्के, कासदाहाशी तिचं जनुकीय नातंही घट्ट. मोजा की पेशी.

राधानगरीकर: कुणाच्या मोजणार दादा? दूध संस्थेत किटली जाते, त्यात चार जनावरांचं दूध एकत्र. दुसरं, होल्स्टीन या विदेशी जातीच्या गाईंत सहाव्या गुणसूत्रावर जीसी जनुकाजवळ जी खूण सापडली, तिथं कासदाहाचा धोका वाढवणारा प्रकारच दूधही वाढवतो. लिटर कमी होणार म्हटल्यावर ते रेतन कोण भरवून घेईल? शिवाय खूण म्हणजे बऱ्याचदा नुसता जनुकाचा शेजारी. होल्स्टीनमधला शेजार आपल्या संकरित गाईत टिकेलच असं नाही. आणि माझ्या दावणीला म्हशी, त्यांचं काय?

गडहिंग्लजचा डॉक्टर: किटलीचा मुद्दा खरा. महिन्यातून एक दिवस गाईगणिक बाटली घ्या, वर बिल्ल्याचा नंबर. संस्थेच्या वार्षिक सभेत मांडा.

राधानगरीकर: सभेत दिवाळीला मिळणाऱ्या दूधदराच्या फरकापुढं विषय सरकतोय होय!